युसुफभाई आणि चौथा पॉवर सप्लाय

मंगळवार, ११ फेब्रुवारी. दुपारी पावणेतीन. ठिकाण : आमच्या इमारतीची जिन्याखालची मीटर रूम. हजर : कॉम्प्युटर दुरुस्त करणारे युसुफभाई, वायरमन म्हात्रे, चेअरमन पाटीलकाका, तळमजल्याच्या गाळ्यातला इस्त्रीवाला शिवपूजन, आणि सोसायटीची सेक्रेटरी म्हणून मी.

ही नोंद माझ्या वहीत आहे. मला सगळं लिहून ठेवायची सवय आहे. गॅस सिलिंडर कधी लावला, टाकी कधी धुतली, कोणाला कोणतं पुस्तक दिलं, सगळं. पण त्या दिवशीच्या पानावर काय झालं तेवढंच आहे. ज्यांच्यामुळे झालं ते युसुफभाई त्यात मावलेले नाहीत. म्हणून हे वेगळं लिहिते आहे.

त्यांचं दुकान जुन्या पनवेलमध्ये, तळ्याच्या बाजूच्या गल्लीत होतं. एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला नारळवाला. मधे एका माणसाला बसता येईल आणि दुसऱ्याला उभं राहता येईल एवढी जागा. ते मूळचे मोरा बंदरातले. तरुणपणी आखातात गेले, तिथे एका हॉस्पिटलचे जनरेटर सांभाळले आणि आईच्या आजारपणात परत आले ते कायमचे. जनरेटर सांभाळणारा माणूस घरगुती कॉम्प्युटरकडे कसा वळला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "तिकडे मशीन बंद पडली की माणसं धावत यायची. इकडे सबर आहे. मला हे बरं वाटतं."

अंगाने किरकोळ, डोक्यावर बारीक कापलेले पांढरे केस, खिशात टेस्टर आणि दात घासायचा एक जुना ब्रश. ब्रश धूळ काढायला. घरी आले की चपला दाराबाहेर काढून सरळ जमिनीवर बसायचे. खुर्ची दिली तरी नको म्हणायचे, कारण कॉम्प्युटरचा आजार टेबलाखाली असतो. पण टेबलाखाली वाकण्याआधी मान वर करून पंखा बघायचे. पंखा फुल करायला सांगायचे आणि मिनिटभर नुसते बघत राहायचे. माझ्या सासूबाईंना पहिल्यांदा वाटलं, माणसाला उकडतंय. त्यांनी पाणी आणून दिलं. युसुफभाई ते पाणी प्यायले आणि परत पंखा बघू लागले.

गिऱ्हाईक तक्रार सांगत असताना ते मधे बोलत नसत. सगळं सांगून झालं की एकच प्रश्न, "आणि त्याच्या आधी काय झालं होतं?" लोक वैतागायचे. काही झालं नव्हतं, असंच प्रत्येक जण म्हणायचा. मग दोन मिनिटांनी आठवायचं की आदल्या दिवशी खिडकीतून पाणी आलं होतं, किंवा पुतण्याने मागची पिन काढून मिक्सर लावला होता. कोन गावातल्या एका गोदामाच्या ऑफिसात दर वर्षी ऐन सणात कॉम्प्युटर बंद पडायचा. तिथे हा प्रश्न त्यांनी तीन वर्षं विचारला. चौथ्या वर्षी ते स्वतः खंडेनवमीला जाऊन उभे राहिले. तिथले मुनीम मशीनची पूजा अगदी मनापासून करायचे. पुढून आणि मागून दोन्हीकडून हळदकुंकू, आणि झेंडूची माळ नेमकी मागच्या पंख्यावर. सगळं कुंकू आणि अर्धी माळ आतला पॉवर सप्लाय, म्हणजे मशीनला वीज देणारा डबा, पोटात ओढून घ्यायचा.

पूजा करू नका, असं ते कोणालाच म्हणाले नाहीत. पण त्या वर्षापासून दसऱ्याच्या आधी आठ दिवस त्यांच्या दुकानाच्या शटरवर हाताने लिहिलेला पुठ्ठा लटकायचा : 'पूजा पुढून करा. मागच्या बाजूला फुलं घालू नका. दसऱ्याच्या शुभेच्छा.' लोक त्याचे फोटो काढून न्यायचे. शेजारचा शिंपी त्यांना चिडवायचा, की भाई, तुम्ही आमच्या भटजींच्या पोटावर पाय आणताय. युसुफभाई म्हणायचे, "त्यांचं काम पुढून, माझं मागून. भांडण कुठे येतं?"

त्यांची आणखी एक पद्धत होती. बदललेला भाग ते गिऱ्हाइकाला परत द्यायचेच. नुसता नाही. तो उघडून, आत काय झालं ते बघून, एका चिठ्ठीवर मरणाचं कारण लिहून. 'पोट फुगलं.' 'धूळ. श्वास कोंडला.' 'आत पाल.' ह्या भागांना ते मयत म्हणायचे. बऱ्याच घरांत हे चालायचं नाही. आमच्या समोरच्या वहिनींनी असा भाग उंबऱ्याच्या आत घ्यायलाच नकार दिला होता. मी मात्र तारीख घालून बुटांच्या खोक्यात ठेवत असे. आम्हा दोघांचं जमायचं ते बहुतेक ह्याच कारणाने.

आता माझ्याकडे जे झालं ते.

मी घरून मराठी टायपिंग करते. पनवेल कोर्टातल्या वकिलांचे अर्ज, कैफियती, प्रतिज्ञापत्रं. कॉम्प्युटर बंद म्हणजे माझं काम बंद, आणि कोर्टाची तारीख माझ्यासाठी थांबत नाही. सप्टेंबरच्या शेवटी पहिल्यांदा मशीन गेलं. टप् असा आवाज, जळका वास, पडदा काळा. युसुफभाई दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आले, पंखा बघितला, मीटर लावून प्लगमधली वीज मोजली, ठीक होती. नवा पॉवर सप्लाय बसवला. नोव्हेंबरात तोही गेला. पुन्हा सकाळी दहा, पुन्हा पंखा, पुन्हा सगळं ठीक. ह्या वेळी त्यांनी महागातल्या बनावटीचा बसवला आणि एक्स्टेन्शन बोर्डही बदलून घेतला. चिठ्ठीवर दोन्ही वेळा एकच कारण होतं : 'जास्त दाब.' मी विचारलं, विजेचा जास्तीचा दाब कुठून आला? म्हणाले, "तेच कळत नाही ताई. मी येतो तेव्हा सगळे सरळ वागतात."

जानेवारीत तिसरा गेला. त्या दिवशी ठोसर वकिलांच्या एका वाटणीच्या दाव्याची कैफियत मी टाइप करत होते, सव्वाशे पानं, दुसऱ्या दिवशी सकाळी दाखल करायची. दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी मशीन गेलं. पेन ड्राइव्हवर होतं ते मैत्रिणीच्या घरी खारघरला नेऊन पुरं केलं. रिक्षात बसल्या बसल्या मी हिशोब मांडला. दर दोन महिन्यांनी एकच माणूस एकच भाग बदलतो आणि तो टिकत नाही. ह्याचा अर्थ काय?

मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं : 'युसुफभाईंकडून कोणी काम करून घेऊ नये. जुने पार्ट नवे म्हणून बसवतात. तीनदा अनुभव. तारखा खालीलप्रमाणे.' खाली तारखा दिल्या. तारखा दिल्या की माणसं विश्वास ठेवतात, हे मला माहीत होतं. रागाच्या भरात आणखी काही जणांना फोनवर आणि तोंडी सांगितलं. कैफियत द्यायला गेले तेव्हा ठोसर वकिलांनाही सांगितलं. त्यांच्या ऑफिसातले सात कॉम्प्युटर अकरा वर्षं युसुफभाईच बघत होते.

आठ-दहा दिवसांनी युसुफभाई माझ्या दारात उभे राहिले. मी बोलावलं नव्हतं. हातात पिशवी नव्हती. आत या म्हटलं तर आले नाहीत.

"ताई, तुम्ही लिहिलेलं मला लोकांनी दाखवलं," ते म्हणाले. "दोन जण अर्धी उघडलेली मशीन तशीच उचलून घेऊन गेले. वकीलसाहेबांच्या ऑफिसातून उद्यापासून येऊ नका म्हणून फोन आला."

मी म्हटलं, तीनदा गेलं, मी दुसरं काय समजायचं?

"बरोबर आहे. तुमच्या जागी मीही तेच समजलो असतो. पार्ट जुना नव्हता, हे मी आता कितीही सांगितलं तरी त्याला वजन नाही. म्हणून सांगत नाही. मला तुमच्याकडे एक दुपार बसू द्या. सकाळ नको, दुपार. दुकानात मी दुसरं काही विकत नाही ताई. लोक माझ्या नावावर मशीन सोडून जातात. ते नाव गेलं तर शटर उघडून काय करू?"

आवाज चढलेला नव्हता. त्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही.

अकरा फेब्रुवारीला ते जेवून एक वाजता आले. प्लगमध्ये मीटरच्या वायरी खोचून मीटर जमिनीवर ठेवला, शेजारी बसले आणि नेहमीप्रमाणे पंखा फुल करायला सांगितला. मशीनमध्ये चालता पॉवर सप्लायच नव्हता. उघडं पडलेलं मशीन, त्याच्यासमोर मांडी घालून बसलेला माणूस, आणि मी स्वयंपाकघरात उगाच भांडी लावत. अर्धा तास काही झालं नाही. मग त्यांनी माझी वही मागितली.

"तुमच्या तिन्ही तारखा बघितल्या मी ग्रुपवर," ते म्हणाले. "वेळ पण लिहिता का?"

लिहिते. वहीत होती. दोन चाळीस, अडीच, तीन वीस. त्यांनी कपाळावर हात मारला नाही की काही नाही, फक्त म्हणाले, "आणि मी दोन्ही वेळा सकाळी दहाला मोजत बसलो. ही माझी चूक, लिहून ठेवा." मग त्यांचा तो प्रश्न आला. सप्टेंबरच्या आधी काय झालं होतं?

मी मागची पानं उलटून वाचत गेले. ऑगस्टमध्ये यूपीएसची बॅटरी संपली म्हणून मीच तो काढून ठेवला. गणपतीच्या आधी टाकी धुतली. सात सप्टेंबर : मीटर रूम, नवा बोर्ड, रंग, पूर्ण. पुढे माझी हिरव्या शाईची बरोबरची खूण.

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"पूर्ण म्हणजे तुम्ही आत जाऊन बघितलंत?"

"कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने सांगितलं झालं म्हणून," मी म्हटलं.

त्यांनी बोट थोडा वेळ तिथेच ठेवलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी त्यांनी मान वर केली. मला काही वेगळं दिसलं नाही. मग दिसलं. पंखा पळायला लागला होता. रेग्युलेटरला कोणी हात लावला नव्हता आणि त्याचा आवाज बदलला होता. मीटरवर दोनशे तीसचे दोनशे साठ झाले, सत्तर झाले, दोनशे शहाऐंशीवर जाऊन थरथरू लागले. युसुफभाईंनी मला फ्रिज आणि टीव्ही बंद करायला लावले आणि विचारलं, ह्या वेळेला इमारतीत काय चालू होतं? आमच्याकडे दुपारी बहुतेक फ्लॅट बंद असतात. चालू होणारी एकच गोष्ट : शिवपूजन जेवून येऊन इस्त्री लावतो. आधी त्याची कोळशाची होती, दिवाळीच्या आधी आम्ही कमिटीनेच धुराची तक्रार म्हणून विजेच्या दोन घ्यायला लावल्या होत्या. पण पहिला पॉवर सप्लाय तर त्याही आधी गेला होता. ते बोलून दाखवल्यावर युसुफभाई म्हणाले, तेव्हा दुसरं कोणाचं काही चालू असेल. मूळ कारण इस्त्री नाही.

ते खाली गेले. मी वर मीटर वाचत फोनवर. त्यांनी इस्त्री बंद करायला लावली, मीटर दोनशे चाळीसच्या खाली आला. चालू केली, परत वर. असं तीनदा केलं. मग त्यांनी वायरमन म्हात्रेंना बोलावलं आणि मी पाटीलकाकांना घेऊन खाली गेले. मीटर रूमचं दार उघडं होतं, बोर्डाची खोकी समोर होती, पण युसुफभाई उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. जे माझं काम नाही त्याला मी हात लावत नाही, म्हणाले. म्हात्रेंनी मेन बंद करून खोकं उघडलं. सगळ्या इमारतीची परतीची तार, म्हणजे न्यूट्रल, जिथे एकत्र बांधली होती तो सांधा काळा पडला होता. ॲल्युमिनियमच्या तारेला तांब्याची तार नुसती पिळून वर टेप गुंडाळली होती. म्हात्रेंनी टेस्टरच्या टोकाने टोचलं तर ती सुटून आली.

"सेक्रेटरीबाई, ह्यो कोनी बांधलाय?" म्हात्रे म्हणाले. "हिला नुसता टेप धरून ठेवतंय. आमी नाय बांधला ह्यो."

पाटीलकाकांना कळेना. युसुफभाईंनी त्यांना समजावलं. तीन घरांचं सांडपाणी एकाच गटारात जातं. गटार तुंबलं की ज्याच्याकडे वापर कमी त्याच्या मोरीतून ते वर येतं. विजेचं तसंच. शिवपूजनच्या फेजवर, म्हणजे त्याच्याकडे वीज आणणाऱ्या तारेवर, इस्त्र्यांचा भार, ताईंच्या फेजवर एक कॉम्प्युटर. परतीची वाट बंद. मग जे काही वर यायचं ते ताईंच्या घरात आलं.

तेव्हा पाटीलकाकांना आठवलं की त्यांचेही चार दिवे दुपारीच उडाले होते. आणि लगेच त्यांना गुन्हेगार सापडला. ते शिवपूजनकडे वळून म्हणाले की तुझ्या इस्त्रीने सगळ्यांचं नुकसान केलंय, आजपासून गाळ्यात विजेची इस्त्री बंद. शिवपूजनचा चेहरा उतरला. हमने कुछ नहीं किया साहब, तो म्हणत राहिला. त्याचा सगळा धंदा त्या दोन इस्त्र्यांवर होता.

मी बोलायला हवं होतं. बोलले ते युसुफभाई.

"साहेब, त्याचं नाव घेऊ नका," ते म्हणाले. "इस्त्रीचा कसूर नाही. उद्या कोणाचा गिझर लागेल, परवा कोणाचा एसी. किती जणांना काढाल? तार बांधणाऱ्याने नीट बांधली नाही आणि बघणाऱ्याने बघितली नाही. एवढंच झालंय." मग शिवपूजनकडे वळून, "तू जा, कपडे कर. तार जोडली की चालू कर."

'बघणाऱ्याने' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. खूण माझी होती हे पाटीलकाकांना त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही आणि नंतरही नाही. ते मी सांगितलं.

दोन दिवसांत म्हात्रेंनी सांधा नवा केला, आठवडाभर मी तासातासाला मीटर वाचून लिहिला, आणि मग युसुफभाईंनी चौथा पॉवर सप्लाय बसवला. नवा, पण आधीच्याच बनावटीचा. तो अजून चालू आहे. हे मी त्याच मशीनवर लिहिते आहे.

मी ग्रुपवर नवा मजकूर टाकला. आधीचा खोडला नाही, त्याच्याखाली लिहिलं, की युसुफभाईंबद्दल मी लिहिलेलं चुकीचं होतं, दोष मीटर रूमच्या कामात होता आणि ते काम न बघता पूर्ण म्हणून मी खूण केली होती. मग मला वाटलं, ग्रुपवर सगळे नाहीत. म्हणून यादी केली. कोणाकोणाला मी तोंडी सांगितलं होतं ती माणसं. अकरा नावं निघाली. भाजीवाल्या मावशी, समोरच्या वहिनी, माझी खारघरची मैत्रीण, लायब्ररीतले दोघे. एकेकाला गाठून सांगत गेले. सोपं नव्हतं. बऱ्याच जणांना मी आधी काय बोलले होते तेच आठवत नव्हतं, त्यांना आधी ते सांगून मग खोडून काढावं लागलं. मावशी म्हणाल्या, "म्हंजे तो माणूस चांगला हाय, एवढंच ना? मंग एवढा घोळ कशाला घातला?" मार्चअखेरपर्यंत दहा नावांपुढे खूण झाली.

मे महिन्यात युसुफभाईंनी दुकान बंद केलं. दुकान होतं ती चाळ पाडून नवी इमारत होणार, असं शिंप्याने सांगितलं. त्याने स्वतः मागच्या गल्लीत दुसरी जागा घेतली. युसुफभाईंनी घेतली नाही, मोऱ्याला धाकट्या भावाकडे जातो म्हणाले. जाण्याचं कारण चाळ किती आणि मी किती, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

त्यांना शेवटचं बघितलं ते ठोसर वकिलांच्या ऑफिसात. मी टाइप केलेलं मृत्युपत्र द्यायला गेले होते. बाहेरच्या खोलीत नवीन कंपनीचा माणूस कॉम्प्युटर उघडून बसला होता आणि शेजारी युसुफभाई उभे होते. त्यांना तिथून काढून तीन महिने झाले होते. कोणी बोलावलं नव्हतं, जायच्या आधी स्वतःच आले होते. हातात एक फुलस्केप. सातही मशीनची माहिती त्यावर लिहिलेली. कोपऱ्यातल्या टेबलाच्या प्लगला अर्थिंग नाही. खिडकीजवळच्या मशीनला पावसाळ्यात प्लॅस्टिक लागतं. दोन नंबरवर क्लार्कबाई चहाचा कप ठेवतात, सांगून ऐकत नाहीत. तो माणूस आधी कंटाळून ऐकत होता, मग त्याने पेन काढून काही विचारलं. युसुफभाईंनी उत्तर दिलं आणि कागद घडी करून त्याच्या खिशात घातला.

मला बघून म्हणाले, "चालतंय ना ताई?"

चालतंय म्हटलं. त्यांनी चपला घातल्या आणि जिना उतरून गेले.

केबिनचं दार उघडंच होतं. ठोसर वकील आत एकटे होते आणि मला दहा मिनिटं तरी त्यांच्यासमोर बसायचं होतं. माझं निम्मं काम त्यांच्याकडून येतं. त्यांनी मृत्युपत्र चाळलं, बाराव्या पानावरचं एक नाव चुकलंय म्हणाले, दुरुस्त करून आणा. ते मी त्याच संध्याकाळी करून दिलं. यादीतलं अकरावं नाव त्यांचं. ते अजून बाकी आहे.